फौजदारबाई हेडफोन घेतात

पडदा हळूहळू वर जातो आहे असं समजा. डावीकडच्या उंच खिडकीतून सकाळचा प्रकाश आत येतो आणि खोलीतल्या दोन टेबलांवर पडतो. पहिल्या टेबलामागे, संगणकासमोर, एक बाई ताठ बसल्या आहेत. वय पन्नाशीच्या पुढचं, भुवया कायम किंचित वर चढलेल्या, कानांवर स्पंजाच्या पातळ चकत्यांचे जुने हेडफोन. पायाखाली एक चपटी कळ आहे. पाय दाबला की कानातलं बोलणं सुरू, उचलला की बंद, टाच टेकली की जरा मागे. दुसऱ्या टेबलाशी एक टकले गृहस्थ बाईंकडे पाठ करून बसले आहेत आणि बिलांचे गठ्ठे चाळताहेत. खिडकीबाहेर व्हरांडा, व्हरांड्यात लाकडी बाकडं, बाकड्यावर ताटकळलेली माणसं. कोपऱ्यातला उभा पंखा घरघरतो आहे. तिसरी घंटा झाली. आता बाईंकडे नीट बघा, कारण आजचा सगळा खेळ त्यांच्यावर आहे.

त्यांना सगळे फौजदारबाई म्हणत. पोलीस खात्याशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता. नाव ठेवलं होतं त्यांच्या नवऱ्यानं, आणि एकदा फोनवर तो ते कचेरीतल्या कुणाकडे तरी बोलून गेला, तेव्हापासून ते त्यांना चिकटलं. नाव मात्र असं बसलं की जणू बारशालाच ठेवलं होतं. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की आज दुधात काय आहे ते त्या वाकून बघत. कुणी त्यांच्या पर्सचं कौतुक केलं की त्या आधी पर्सची चेन लावत. परगावी राहणाऱ्या लेकीनं फोनवर "आई, कशी आहेस?" एवढं विचारलं तरी पलीकडून उलट प्रश्न येई, "का? तुला कुणी काही सांगितलं का?"

आणि गंमत अशी की साऱ्या गावाची गुपितं याच बाईंच्या पोटात होती.

कचेरी होती भांडणं मिटवणारी. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, घरमालक-भाडेकरू, ज्यांना न्यायालयाची पायरी चढायची नसे ते इथे येत. आतल्या खोलीत संचालकबाईंसमोर बसून मन मोकळं करत. टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू असे. बैठक संपली की ते मुद्रण फौजदारबाईंच्या संगणकावर येई, त्या शब्दन् शब्द टंकून काढत, आणि तोवर सगळी मंडळी बाहेर बाकड्यावर कागदाची वाट बघत बसत. कागद आला की वाचायचा, सह्या करायच्या, घरी जायचं. आत जे बोललं गेलं ते बाहेर जाणार नाही, असा शब्द प्रत्येकाला दिलेला असे. तो शब्द संचालकबाई देत, पण पाळत होत्या फौजदारबाई. भाजी घेताना समोर एखादा असा माणूस उभा राही, ज्याचं हमसून रडणं त्यांनी आदल्याच दिवशी ऐकलेलं असे. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. त्या नुसत्या म्हणत, "पुढं सरका जरा." नवऱ्यानं कधी खोदून विचारलं तर त्या त्याला ताकास तूर लागू देत नसत. एवढी एकच गोष्ट होती जिच्याबद्दल त्यांना स्वतःविषयी तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून जे घडलं ते त्यांच्या वर्मी लागलं.

एक जोडपं आलं होतं. बायको आत अगदी हळू आवाजात म्हणाली होती की, यांनी बहिणीदेखत एकदा चुकलो म्हटलं असतं तर मी घर सोडलंच नसतं. नवरा गप्प बसला होता, पण नरमला होता. गाडी रुळावर येत होती. फौजदारबाई कागद तयार करत होत्या, आणि कागद बाहेर जायच्या आत व्हरांड्यात रण माजलं. बाकड्यावर बसलेली नणंद उभी राहून विचारत होती, माझ्यादेखत त्याला चुकलो म्हणायला लावतेस काय? आतलेच शब्द, जवळजवळ जसेच्या तसे. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं आईची शपथ घेतली की मी हूं की चूं केलं नाही, आणि ती सही न करताच निघून गेली.

संचालकबाईंनी दोघांना, म्हणजे फौजदारबाईंना आणि हिशेबनिसाला, आत बोलावलं. पाठमोरे टकले गृहस्थ ते हिशेबनीस. मी कुणावर आळ घेत नाही, अशी त्यांनी सुरुवात केली, आणि फौजदारबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्यानं आळ घेऊन झालेला असतो. पुढं त्या म्हणाल्या की, तुमच्या खोलीच्या दाराशी आलं की मला नेहमी काहीतरी कुजबुज ऐकू येते. ते तुमचे स्पंजाचे हेडफोन उघडे आहेत, आवाज सांडतो त्यांतून. पाठीमागून पूर्ण बंद असतात तसले घ्या. खर्च कचेरी देईल, पण जपून, स्वस्तातले बघा. आणि यानंतरही एखादी गोष्ट बाहेर गेली, तर टंकनाचं काम मला बाहेरच्या माणसांकडे द्यावं लागेल. माझा इलाज नाही.

फौजदारबाई मान हलवून बाहेर आल्या. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण तिच्याही खाली काहीतरी जास्त टोचत होतं. त्यांच्या पोटातून गोष्ट बाहेर पडली असं कुणालातरी वाटू शकतं, हेच त्यांना सहन होत नव्हतं. टेबलाशी बसल्यावर त्यांची नजर आपोआप हिशेबनिसाच्या पाठीकडे गेली. या पाठीवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. माणसं कानांनी ऐकतात, पण हा मनुष्य पाठीनं ऐकतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. मधेच उठून खिडकी काय लावतो, पंखा मोठा काय करतो, काही कारण नसताना खोकतो काय. पंख्याच्या आवाजात कुणाला फोन करत असेल. आणि ज्या दिवशी ते जोडपं भांडलं, त्या दिवशी ऐन वेळी हा बँकेत गेला होता. बँकेत, की बँकेचं नाव सांगून आणखी कुठं?

त्यातच तो वळून म्हणाला की बाई, माझ्या ओळखीचं एक दुकान आहे, चांगले हेडफोन मिळतील, मी बोलून ठेवतो. झालं. त्या दुकानाचं नाव बाईंनी ऐकून घेतलं ते तिथे चुकूनही पाऊल टाकायचं नाही म्हणून.

घरी आल्यावर लेकीला फोन झाला. लेकीनं बिचारीनं उत्साहानं चित्रं पाठवली, लोकांची मतं पाठवली. बाईंनी चष्मा पुसून ती सगळी वाचली. अप्रतिम, अप्रतिम, पैसे वसूल, अप्रतिम. सगळ्यांना सारखाच आनंद कसा झाला? एकाच माणसानं खोलीत बसून लिहिलेलं दिसतंय. फक्त एका गृहस्थानं लिहिलं होतं की आवाज ठीक आहे, बाहेरचं काही येत नाही, पण कान घामेजतात आणि चष्मा रुततो. "हा माणूस खरा," बाई म्हणाल्या. त्यांना तो जवळच्या नातेवाइकासारखा वाटला.

आता प्रश्न पारखायचं कसं. दुकानात गाणी लावून दाखवतात, आणि गाण्यावर सगळेच हेडफोन गोड वाजतात. बाईंना ऐकायचं असे तोंड फिरवून पुटपुटणारं माणूस, मागे सरकणारी खुर्ची, पदराआडचा हुंदका. कचेरीतलं मुद्रण बाहेर नेणं म्हणजे पाप. तेव्हा त्यांनी नवऱ्याला कामाला लावलं. नवरा निवृत्त बसचालक होता. जन्मभर इंजिनाच्या वरताण बोलल्यामुळे त्याची कुजबुजसुद्धा शेजाऱ्यांना पोचे. त्याला त्यांनी स्वयंपाकघरात नळ चालू करून भिंतीकडे तोंड करून उभं केलं, फोनवर मुद्रण सुरू करून दिलं, वर्तमानपत्र हातात दिलं आणि सांगितलं, हळू वाचा, शब्द खा, आणि झालं की बंद करा. एवढं सांगून त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. वाचून झाल्यावर नवऱ्यानं फोन बंद केला. निदान त्याला तसं वाटलं.

दुकान अरुंद होतं. छतापर्यंत खोकी, मधे काचेचं कपाट, त्यामागे भुवया नसल्यासारखा गुळगुळीत चेहऱ्याचा दुकानदार, आणि पुढं दोनतीन गिऱ्हाइकं. त्यानं पहिल्यांदा बिनतारी जोडी काढली. बाईंनी विचारलं, तार नाही म्हणजे बोलणं हवेतून येणार ना? मग हवेतून दुसऱ्यानं उचललं तर? तसं होत नाही, तो म्हणाला. होत नाही हे तुम्हाला कसं कळतं, ज्यानं उचललं तो काय तुम्हाला सांगायला येईल? दुकानदारानं ती जोडी निमूटपणे ठेवून दिली. मग आला बाहेरचा आवाज मारून टाकणारा महागडा प्रकार. बाईंनी तो घातला आणि लगेच मागे वळून पाहिलं. जग एकदम पुसल्यासारखं झालं होतं. मागून कुणी येऊन उभं राहिलं तर कळायचं कसं? तोही बाद. तिसरी जोडी दिसायला छान, पण कानांच्या वाट्यांवर बाहेरून बारीक जाळी होती. दुकानदार म्हणाला की ती नुसती शोभेची आहे.

बाई हसल्या. त्या हसल्या की नवरा जरा मागे सरकत असे. त्यांनी ती जोडी फोनला जोडून नवऱ्याच्या डोक्यावर चढवली, त्याचंच वाचन लावलं, आवाज मोठा केला, आणि त्याच्याभोवती हळूहळू फिरू लागल्या. इकडून कान लावला, तिकडून लावला, पाठीमागून वाकून लावला. नवरा देवळातल्या खांबासारखा उभा. गिऱ्हाइकं बघत राहिली. दुकानदार न राहवून म्हणाला की बाई, हेडफोन आतून ऐकायचे असतात.

"आतून सगळेच गोड असतात," बाई म्हणाल्या. "मला बाहेरून काय कळतं ते बघायचंय."

जाळीतून वर्तमानपत्रातल्या बाजारभावांची बातमी सरळ सरळ झिरपत होती. शोभेची जाळी परत खोक्यात गेली. पुढच्या जोडीत सगळं नुसतं धडधडत होतं, माणूस रजईत तोंड खुपसून बोलावा तसं. त्यापुढची चष्म्याच्या दांड्यांवर अशी चावली की बाईंना त्या खऱ्या माणसाची आठवण झाली. शेवटी दुकानदार खाली वाकला आणि तळच्या फळीवरून धूळ झटकत एक खोकं काढलं. आत काळी, जाडजूड, लांब तारेची जोडी. घडी होत नाही, चमकत नाही, वाट्या पाठीमागून भिंतीसारख्या बंद, कानावरच्या गाद्या मऊ आणि बदलता येणाऱ्या. किंमत सगळ्यांत कमी. बाईंनी डोळे बारीक केले. इतके स्वस्त का? दुकानदार म्हणाला की चोरीचे नाहीत, बिघडलेलेही नाहीत, फक्त मिरवता येत नाहीत, म्हणून कुणी मागत नाही. उत्तर बाईंना पटलं. तरी त्यांनी खोक्याची चारही अंगं वाचली.

नवऱ्याच्या डोक्यावर ती जोडी चढली. बाईंनी कान लावला. काही नाही. दुसरीकडून लावला. काहीच नाही. बंद असणार, त्यांना खात्रीच होती. त्यांनी ती ओढून काढली, तर आत नळ वाहत होता आणि नवरा वाचत होता. मग त्यांनी ती स्वतःच्या कानांवर बसवली, डोळे मिटले, आणि काउंटरवर दहाही बोटं ठेवली.

आता इथे जरा थांबा. रंगमंचावर असा एक क्षण येतो की प्रेक्षकांना सगळं दिसतं आणि पात्राला दिसत नाही. दुकानात त्या वेळी तेच झालं.

बाईंच्या कानांत बातमी संपली. नळ मात्र चालूच राहिला. मग त्या पाण्याच्या आवाजाखालून नवऱ्याचा आवाज आला, वाचतानाचा नव्हे, बोलतानाचा. तो दुसऱ्या फोनवरून लेकीशी बोलत होता. घरी पडून असलेल्या एका जुन्या हेडफोनवर ती जागा बाईंनी दोनदा ऐकली होती आणि तिथे त्यांना नुसतं पाणी ऐकू आलं होतं. आता शब्दन् शब्द सुटा झाला. बाईंची बोटं काउंटरवर चालू लागली, आणि बोटांबरोबर तोंडही. ठणठणीत, सपाट, एकसुरी आवाजात, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं त्या म्हणू लागल्या:

"तुझ्या आईला काढलंच, स्वल्पविराम, तर ती दिवसभर घरी बसेल आणि माझ्यावर पाळत ठेवील, पूर्णविराम. मग मी जाऊ कुठं, प्रश्नचिन्ह. पण काढू नयेत गं, पूर्णविराम. त्या कामाशिवाय ती वेडी होईल, पूर्णविराम."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. एका गिऱ्हाइकानं तोंडावर रुमाल धरला होता. बाईंनी हेडफोन काढले, डोळे उघडले, आणि सगळ्यांना आपल्याकडे बघताना पाहून त्यांचा पहिला हात पर्सवर गेला. मग त्या दुकानदाराकडे वळल्या आणि म्हणाल्या, हेच बांधून द्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं की मी पाळत ठेवते असं लेकीला किती वेळा सांगून झालंय? नवरा म्हणाला, ते राहू दे, तू आधी सांग, तू मोठ्यानं का बोलत होतीस? पुरतं वाचून दाखवलंस तू दुकानाला, विरामचिन्हांसकट. बाई थांबल्या. नवरा विषय बदलतोय हे त्यांना उघड दिसत होतं. कान झाकले की कुणीही थोडं मोठ्यानं बोलतं, त्यांनी सुनावलं, तुम्ही तर न झाकताच बोलता. त्यानं घरी पोचल्यावर पुन्हा तोच मुद्दा काढला, रात्री जेवताना एकदा काढला, आणि प्रत्येक वेळी बाईंची खात्री वाढत गेली की याच्या मनात आणखी काहीतरी लपवायचं आहे. शेवटी त्यानं हात जोडले आणि वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

नव्या हेडफोननी बाईंचं जगच बदललं. पंखा गेला, की-बोर्डची टकटक गेली, हिशेबनिसाचा खोकला गेला. उरली ती फक्त आतल्या खोलीतली माणसं, जणू बाई त्यांच्यामध्येच बसल्या होत्या. इतकी वर्षं ज्या जागी त्या नेमानं "शांतता" असं टंकत आल्या होत्या, तिथे कुणी ओठ चावून श्वास सोडत होतं, कुणी बांगडी फिरवत होतं, कुणी रडू गिळत होतं. बाई काही वेळ पायाची कळ सोडून तशाच बसल्या. मग पुन्हा टंकू लागल्या, आणखी मन लावून.

आणि तरीही गोष्ट फुटली.

दोन भाऊ आले होते, वडिलांच्या दुकानावरून. थोरला आत म्हणाला होता की धाकट्यानं वकिलामार्फत न मागता स्वतः येऊन मागितलं असतं तर मी सगळं दुकान देऊन टाकलं असतं. बाकड्यावर धाकट्याचे सासरे बसले होते. कागद हातात पडायच्या आतच ते उठून म्हणाले की सगळं देणारच आहेस तर अर्ध्यावर सही कशाला? थोरला पांढराफटक पडला आणि चालता झाला. संचालकबाई टंकनाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नंतर शिपायाकडून निरोप आला की सोमवारी बाहेरची माणसं काम बघायला येणार आहेत.

बाईंच्या डोक्यात आता सगळं लख्ख झालं होतं. हेडफोन बंद, म्हणजे आवाज सांडत नाही. आवाज सांडत नाही, म्हणजे कुणीतरी तो उचलून नेतं. खोलीत माणसं दोन. आणि भाऊ भांडले त्याही दिवशी हिशेबनीस बँकेत गेला होता. आता पुरावा हवा. बाईंचा जगात एकाच साक्षीदारावर भरवसा होता, तो म्हणजे मुद्रण. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला फोन मुद्रण सुरू करून एका फायलीखाली सरकवला, हिशेबनिसाच्या टेबलाच्या बाजूला, आणि हेडफोन चढवून कामाला लागल्या. काम किरकोळ होतं, दोन शेजाऱ्यांचं कुंपणाच्या भिंतीवरून वाजलेलं. दुपारी हिशेबनीस जेवायला बाहेर गेला. बाईंनी दार लोटलं, फोन काढला, हेडफोन त्याला जोडले आणि मुद्रण लावलं.

आधी कागदांची सळसळ. मग टकटक. मग एका बाईचा आवाज.

फौजदारबाई ताठ झाल्या. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, मग ही कोण? आवाज सपाट, जरासा नाकातला, गाड्यांच्या वेळा पुकारणाऱ्या बाईसारखा. आणि ती कुंपणाचं भांडण घडाघडा म्हणत होती. हिशेबनिसानं बाई ठेवली होती तर, फोनवर का होईना, आणि तिला सगळं ऐकवत होता. जन्मभर आवाज ओळखण्यात गेलेल्या बाईंना हा आवाज काही केल्या ओळखेना. त्यांनी मागे नेलं, पुन्हा ऐकलं. ती बाई मधेच थांबत होती. प्रत्येक थांबण्याआधी कट्ट असा बारीक आवाज येत होता. कट्ट, थांबली. कट्ट, सुरू. हा आवाज बाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. तो त्यांच्या पायाखालच्या कळीचा होता.

"भिंत माझ्या हद्दीत आहे, स्वल्पविराम," हेडफोनमधली बाई म्हणाली.

फौजदारबाईंनी हात तोंडावर नेला. तोंड बंद होतं. आत्ता बंद होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कारण अर्धवट ऐकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खुर्ची सरकली. खिडकी लावल्याचा आवाज आला. पंख्याची घरघर वाढली. हिशेबनीस दारातून बाहेर कुणाला तरी सांगत होता की तुम्ही पलीकडच्या बाकड्यावर बसा, इथं ऊन येतं. मग तो खोकला, लांबलचक, नाटकी खोकला, नेमका तेव्हा, जेव्हा ती सपाट आवाजाची बाई एका शेजाऱ्याच्या बायकोबद्दल काहीतरी नाजूक बोलत होती. आणि बाईंच्या लक्षात आलं की ज्या दोन दिवशी गोष्ट फुटली, त्या दोन्ही दिवशी खिडकी लावायला, पंखा वाढवायला, खोकायला खोलीत कुणी नव्हतं.

हिशेबनीस परत आला तेव्हा त्या त्याच्या टेबलासमोर उभ्या होत्या. पाठीसमोर नव्हे, तोंडासमोर. त्यांनी विचारलं की हे कधीपासून? तो चाचरला. म्हणाला की स्पंजाचे होते तेव्हा तुम्ही पुटपुटत होतात, आता नवे आल्यापासून जरा खणखणीत झालंय. तुमचं तुम्हाला ऐकू येत नसणार. बाईंनी विचारलं की मग सांगितलं का नाही, इतकी वर्षं?

त्यानं टकलावरून हात फिरवला. "बाई, मी सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता?"

बाईंनी खूप विचार केला. नाही, बसला नसता. उलट त्या पाठीवर आणखी दोन आळ चढले असते. त्यांनी त्याला बसा म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोपऱ्यातला पंखा स्वतःच्या हातानं त्याच्याकडे वळवला. मग फोन आणि हेडफोन घेऊन त्या संचालकबाईंच्या दाराकडे निघाल्या. हिशेबनीस अर्धवट उठला आणि म्हणाला की थांबा, सोमवार जाऊ द्या, आपण खिडकी कायमची बंद करून टाकू, मी बँकेत जाणार नाही, कुणाला काही कळायचं नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कुणाला काही कळायचं नाही, हे तर त्यांचं जन्मभराचं काम होतं. पण स्वतःची चूक झाकायला ते वापरायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

संचालकबाईंनी हेडफोन लावले. बाई समोर उभ्या राहिल्या. समोरचा माणूस काय ऐकतोय ते आपल्याला मुळीच ऐकू येत नाही, हे बघून त्यांना तेवढ्यातही बरं वाटलं. जोडी चांगलीच निवडली होती. संचालकबाईंचा चेहरा आधी कोरा होता, मग त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ती हळूहळू विरघळली. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं की हे तुम्ही होऊन का आणलंत? बाई म्हणाल्या की शोध लागला म्हणून आणलं. त्या जोडप्याचं आणि त्या भावांचं माझ्या तोंडून फुटलं. त्या बाईला आणि त्या थोरल्याला तुम्ही तसं कळवा, माझं नाव घालून. म्हणजे नवऱ्यावरचा आणि धाकट्यावरचा संशय तरी जाईल.

संचालकबाई खुर्चीतून उठल्या. कळवते, त्या म्हणाल्या. जोडप्याला आजच बोलावते. मग टेबलाला वळसा घालून त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या की सोमवारच्या माणसांना मी नको म्हणून सांगते. तुम्ही कुठं जाऊ नका. इतकी वर्षं काढलीत इथं, होतं माणसाकडून, मनाला लावून घेऊ नका.

फौजदारबाईंनी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग वर, त्या मऊ आवाजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया होत्या तिथून आणखी थोड्या वर गेल्या.

"मॅडम, कामासाठी ठेवत असाल तर मला दार लागणारी, बिनखिडकीची खोली द्या," त्या म्हणाल्या. "आणि दयेपोटी ठेवत असाल तर तसं आत्ताच तोंडावर सांगा, म्हणजे मी घरी जायला मोकळी."